लोहगाव ते लंडन, व्हाया लिबरेटर

लंडनच्या एका म्युझियममध्ये आपल्या एअरफोर्सचं एक जुनं बॉम्बर विमान उभं आहे. आणि त्याच शहरात राहणारा एक पुणेकर रोज रात्री ते पुन्हा उडवायच्या खटपटीत आहे... कम्प्युटरवर!

लंडनला गेलेला मराठी माणूस काय काय बघतो? बिग बेन, टॉवर ब्रिज, मादाम तुसाँ, लॉर्ड्‌स आणि वेळ उरलाच तर आंबेडकरांचं घर. हेन्डनला कोणी जात नाही. हेन्डन म्हणजे शहराच्या उत्तरेचं एक साधंसुधं उपनगर. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर मुंबई बघायला आलेल्या पाहुण्याला तुम्ही मुलुंडला नेल्यासारखं. पण तुम्हाला यंत्रांची, इतिहासाची किंवा नुसत्याच वेड्या माणसांची आवड असेल, तर नॉर्दर्न लाइन पकडा आणि कॉलिंडेलला उतरा.

स्टेशनपासून चालत दहा-पंधरा मिनिटं. वाटेत नव्या फ्लॅटच्या उंच इमारती, बाल्कन्यांत वाळत घातलेले कपडे, सायकली. एकेकाळी ही सगळी जमीन म्हणजे विमानतळ होता, हे सांगूनही खरं वाटत नाही. ब्रिटनमधल्या विमानोड्डाणाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत क्लॉड ग्रॅहम-व्हाइट नावाच्या वैमानिकानं इथे विमानतळ आणि कारखाना थाटला. शर्यती आणि कसरती बघायला लंडनकर इथे जत्रेसारखे लोटायचे. आता शेजारच्या वसाहतीला त्याचं नाव आहे आणि विमानतळाच्या उरलेल्या तुकड्यावर रॉयल एअरफोर्सचं म्युझियम आहे. १९७२ मध्ये उघडलेलं. तिकीट? शून्य पौंड! लंडनमध्ये हे वाक्य किती गोड वाटतं, ते तिथे राहिलेल्यांनाच कळेल.

मी गेले ती गेल्या नोव्हेंबरात, शाळेतल्या एका मित्राबरोबर. हा मूळचा विश्रांतवाडीचा. दिवसा एका बँकेसाठी सॉफ्टवेअर लिहितो. रात्री एक बॉम्बर बनवतो.

घाबरू नका. बॉम्बर म्हणजे फ्लाइट सिम्युलेटरमधला.

शटरवालं विमान

फ्लाइट सिम्युलेटर हा प्रकार आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कॉलेजात असताना मित्राच्या पीसीवर कधीतरी खेळलेला असतो. टेक-ऑफ जमतं, लँडिंगला आपटतो आणि मग आपण क्रिकेटच्या गेमकडे वळतो. काही जण मात्र वळत नाहीत. मायक्रोसॉफ्टचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर १९८२ मध्ये आला, त्याची सर्वांत नवी आवृत्ती २०२४ मध्ये. या चाळीस-बेचाळीस वर्षांत त्याच्याभोवती एक अख्खी दुनिया उभी राहिली. मूळ सॉफ्टवेअरमध्ये मोजकीच विमानं मिळतात. तुम्हाला एखादं खास विमान हवं असेल, तर ते कुणीतरी वेगळं बनवतं आणि तुम्ही ते आपल्या सिम्युलेटरला जोडता. याला म्हणतात ॲड-ऑन. काही ॲड-ऑन नुसते दिसायला छान असतात. आणि काही इतके खोल असतात, की ऑइल गरम व्हायच्या आधी तुम्ही इंजिन रेटलंत तर ते खराब होतं आणि पुढच्या वेळी कम्प्युटर सुरू केल्यावरही खराबच राहतं. ए-टू-ए सिम्युलेशन्स या कंपनीच्या बी-१७ बॉम्बरनं हा फंडा लोकप्रिय केला. माझ्या मित्राच्या डोक्यात किडा शिरला तो तिथूनच. पण त्याला बी-१७ नको होतं. त्याला हवं होतं त्याच्या शेजारी उभं राहून कायम दुसरा नंबर आलेलं विमान... बी-२४ लिबरेटर.

हेन्डनच्या बॉम्बर हॉलमध्ये शिरलं की आधी लॅन्कॅस्टर समोर येतं आणि मग व्हल्कनचा प्रचंड त्रिकोण. सगळे फोटो त्यांचेच. लिबरेटरसमोर थांबणारे कमी. तसं ते दिसायला देखणं नाहीच. पोट फुगलेलं, बाजू सपाट, मागे ताटांसारख्या दोन शेपट्या. या सगळ्यावर ठेवलेला पंख मात्र लांबलचक आणि निमुळता, ११० फुटांचा. जणू ट्रकला कुणीतरी बगळ्याचे पंख लावलेत. या पंखाचं नाव डेव्हिस विंग. त्याच्याच जोरावर लिबरेटर इतरांपेक्षा लांब जायचं आणि म्हणूनच समुद्रावर गस्त घालायला ते सगळ्यांना हवं असायचं.

मला सगळ्यात आवडले ते त्याचे बॉम्ब ठेवायच्या जागेचे दरवाजे. इतर विमानांचे दरवाजे खाली उघडतात, कपाटासारखे. लिबरेटरचे दोन्ही बाजूंनी वर गुंडाळले जातात. थेट वाण्याच्या दुकानाचं शटर! आत मधोमध जेमतेम पाऊल मावेल एवढी पट्टी. पुढून मागे जायचं तर तिच्यावरूनच. खाली शटर, शटरखाली आभाळ.

माझा मित्र मात्र हे काहीच बघत नव्हता. तो दोरीच्या अलीकडे गुडघ्यांवर बसून तीन नंबरच्या इंजिनाचे फोटो काढत होता. एक पाऊल सरकायचं, क्लिक. एक पाऊल सरकायचं, क्लिक. सकाळी दहापासून दुपारी अडीचपर्यंत त्यानं नऊशेच्या वर फोटो काढले. त्यात सेल्फी एकही नाही.

नऊशे फोटो आणि एक रिबेट

या नऊशे फोटोंचं करायचं काय? फोटो एकमेकांवर थोडे थोडे चढतील असे काढले, की सॉफ्टवेअर त्यातले सारखे बिंदू शोधून वस्तूचा थ्री-डी सांगाडा बांधून देतं. तो सांगाडा ओबडधोबड असतो, गोधडी टाकून झाकल्यासारखा. थेट वापरता येत नाही. पण वक्र नेमका कुठे वळतो, हे त्यावरून कळतं. मग ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच्यावर खरं मॉडेल हातानं बांधायचं. पत्रा, पत्र्याचे जोड, जोडांवरचे रिबेट. किती तपशील द्यायचा, हीच खरी कसरत. जास्त दिला तर गिऱ्हाइकाचा कम्प्युटर धापा टाकतो. म्हणून एकच विमान चार-पाच वेळा बनवावं लागतं. जवळून बघायचं ते तपशीलवार, लांबून बघायचं ते साधं आणि अगदी क्षितिजावर दिसायचं ते जवळपास खेळणंच. तुम्ही दूर जाल तसं सिम्युलेटर गुपचूप एक काढून दुसरं ठेवतो. जमलं तर तुम्हाला कळतही नाही.

हे काम करते चार जणांची टीम. मॉडेल बांधणारा पोलंडमध्ये. रंग, गंज आणि डाग रंगवणारा ब्राझीलमधला एक कॉलेजकुमार. विमान हवेत कसं वागेल याची गणितं करणारे लिंकनशरमधले एक निवृत्त इंजिनीअर, वय अडुसष्ट. आणि विमानाच्या आतल्या सगळ्या यंत्रणा, म्हणजे पेट्रोल, वीज, हायड्रॉलिक, इंजिनं, प्रोग्रॅम करणारा आपला विश्रांतवाडीकर. चौघं प्रत्यक्ष एकत्र कधीच भेटलेले नाहीत. दर रविवारी संध्याकाळी कॉलवर भांडतात. हे सगळं पगारावर नाही. विकलं गेलं तर पैसे वाटून घ्यायचे. चार वर्षं झाली, अजून एक रुपया आलेला नाही.

‘यातलं सगळ्यात कठीण काय?’ मी विचारलं.

‘पेट्रोलचा काटा,’ तो म्हणाला.

मला वाटलं चेष्टा करतोय. नव्हता करत. आपल्या गाडीत असतो तसा पेट्रोलचा काटा लिबरेटरमध्ये नव्हताच. वैमानिकांच्या मागच्या भिंतीवर उभ्या काचेच्या नळ्या होत्या. नळीत पेट्रोल जिथवर चढेल, तिथवर टाकी भरलेली. सलाइनच्या बाटलीसारखा सरळ हिशेब. पण विमान नाक वर करून चढत असेल तर? नळीतला आकडा खोटा. वळत असेल तर? पुन्हा खोटा. विमान एकदम सपाट असेल तेव्हाच तो खरं बोलणार. म्हणजे प्रोग्रॅम करणाऱ्याला आधी खरा आकडा काढायचा आणि मग विमानाचा कल बघून तो नेमका किती खोटा दाखवायचा, याचं गणित करायचं. ‘चूक अचूक दाखवायची,’ हे त्याचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं.

लिंकनशरच्या काकांचं कामही तसंच चिवट. विमानाचं वजन, ते कुठे किती वाटलंय, पंख किती कोनात किती उचल देतो, हे सगळं आकड्यांत भरायचं. मग १९४०च्या दशकातलं वैमानिकांचं मॅन्युअल उघडायचं. इतक्या वजनाला, इतक्या पॉवरवर, दहा हजार फूट गाठायला किती मिनिटं लागतात ते बघायचं आणि सिम्युलेटरमध्ये स्टॉपवॉच लावून उडायचं. जुळलं नाही की आकडे बदला. पुन्हा उडा. काकांनी हे किती वेळा केलं, त्याची मोजदाद त्यांनीच सोडून दिली आहे.

कानपूरच्या भंगारातून

आता मुद्द्याची गोष्ट. हेन्डनमधलं हे लिबरेटर बनलं अमेरिकेत, मिशिगनमधल्या फोर्डच्या विलो रन कारखान्यात. हो, मोटारवाला फोर्डच. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन भरात तिथून तासाला एक लिबरेटर बाहेर पडायचं. सगळ्या कारखान्यांची मिळून अठरा हजारांहून जास्त बनली. त्यातलं हे एक ब्रिटिशांकडे आलं, केएन ७५१ या नंबरानं. १९४५ मध्ये त्यांच्या ९९ नंबरच्या स्क्वाड्रनकडे होतं. युद्ध संपलं आणि ते कानपूरला चकेरीच्या तळावर येऊन पडलं.

ही विमानं ब्रिटिशांना अमेरिकेनं उधारीवर दिलेली. युद्धानंतर ती परत तरी करायची, विकत तरी घ्यायची, नाहीतर मोडून टाकायची, असा करार. ब्रिटिशांनी मोडायचा रस्ता धरला. काहींवर बुलडोझर घातला, काहींच्या पत्र्याला भोकं पाडली, इंजिनांत वाळू ओतली, असं सांगतात. ती पुन्हा उडू नयेत एवढी काळजी घेऊन ते निघून गेले.

पण जुगाड या शब्दाचा शोध काही कालपरवा लागलेला नाही! स्वतंत्र भारताला बॉम्बर हवे होते आणि तिजोरीत खडखडाट होता. बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची माणसं कानपूरला गेली. या विमानाचा पंखा, त्याचं चाक, तिसऱ्याची काच असं करत त्यांनी एकेक लिबरेटर उडण्यापुरतं उभं केलं. कंपनीचे टेस्ट पायलट जमशेद मुन्शी ती एकामागून एक बंगळुरूला उडवत घेऊन गेले. तिथे त्यांची नीट दुरुस्ती झाली. १९४८च्या अखेरीस भारतीय एअरफोर्सचं पाचवं स्क्वाड्रन याच विमानांवर उभं राहिलं. पुढे सहाव्या स्क्वाड्रननं ती समुद्रावरच्या टेहळणीसाठी घेतली. या स्क्वाड्रनचा मुक्काम होता पुण्याला, लोहगावात.

म्हणजे बघा, आज आपण जिथून इंडिगो पकडून दिल्लीला जातो, त्याच धावपट्टीवरून १९६८ पर्यंत चार इंजिनांची ही अवाढव्य विमानं अरबी समुद्रावर जायची. बाकी जगानं लिबरेटर कधीच भंगारात काढलं होतं. आपण ते वापरत राहिलो. आणि म्हणूनच गंमत अशी झाली, की पुढे जगभरच्या म्युझियमना लिबरेटर हवंसं वाटलं तेव्हा ते मिळालं भारतात! एक कॅनडात ओटावाला गेलं, एक १९६९ मध्ये थेट अमेरिकेत ॲरिझोनाला उडत गेलं. आणि आपल्याकडे एचई ८०७ नंबर लावून फिरलेलं हे केएन ७५१ भारतानं १९७४ मध्ये ब्रिटिशांना भेट दिलं. मोडून टाकलेलं विमान ज्यांनी मोडलं, त्यांच्याच दारात आपल्या पंखांवर उडत गेलं. यापेक्षा सभ्य टोमणा मला तरी माहीत नाही.

एकशे बारा प्लग

माझ्या मित्राला लिबरेटरच का हवं होतं, याचं उत्तर हेन्डनमध्ये नाही. ते विश्रांतवाडीत आहे, एका बैठ्या घराच्या ओसरीवर.

त्याचे आजोबा, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून एकोणिसाव्या वर्षी एअरफोर्सात गेले. इंजिन फिटर. १९६२ ते ६८ लोहगावला, लिबरेटरवर. आज वय पंच्याऐंशी. मशीनशिवाय ऐकू येत नाही. डोळ्यांचा मधला पडदा खराब झालाय. कडेचं थोडं दिसतं, समोरचं दिसत नाही. नातवानं पहिल्यांदा लॅपटॉपवर विमान दाखवलं तेव्हा त्यांनी मान वाकडी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून ते बराच वेळ बघितलं. आता तेवढंही जमत नाही. या ॲड-ऑनला रिलीज डेट नाही, पण डेडलाइन आहे. ती कुणी बोलून दाखवत नाही इतकंच.

लंडनला जायच्या आधी मी आबांकडे दोन दुपारी बसले होते. रेकॉर्डर लावून. चहा तीनदा झाला.

‘आबा, तुम्ही रोज काय करायचात तिथे?’

‘प्लग साफ,’ आबा म्हणाले. ‘हिशेब कर की पोरी. एका इंजिनाला चौदा सिलिंडर. प्रत्येकाला दोन प्लग. इंजिनं चार.’

एकशे बारा! मी मनात आकडा जुळवेपर्यंत त्यांनी पुढचं सुरू केलं होतं.

‘सकाळी आधी पंखे हातानं फिरवायचे. रात्रभरात खालच्या सिलिंडरांत ऑइल उतरतं. तसंच स्टार्ट केलं तर इंजिनाचं वाटोळं. मग आतमध्ये पुटपुट चालू करायची.’

‘पुटपुट?’

‘छोटं इंजिन असतं, वीज करायला. ते आधी चालू. त्याचं नावच पुटपुट. साहेबांच्या भाषेतलं नाव, पण आपल्यालाच जास्त शोभतं. चालू झालं की नुसती कुरकुर, आमच्या हिच्यासारखी.’ आतून आजींनी भांडं जोरात ठेवल्याचा आवाज आला.

‘मग इंजिन तीन नंबर. एक नाही, तीन. हायड्रॉलिकचा पंप त्याच्यावर. तो चालू झाला की ब्रेकला दाब. नाहीतर विमान गेलं घरंगळत.’

हे सगळं मॅन्युअलमध्ये आहेच. पुटपुट, तीन नंबर, हातानं पंखे, सगळं माझ्या मित्रानं आधीच प्रोग्रॅम केलेलं. पण मॅन्युअलमध्ये नसलेल्या गोष्टी आबांकडे आहेत. आत पेट्रोलचा वास कायम असायचा. उन्हाळ्यात दुपारी पत्र्याला हात लावला की भाजायचं, म्हणून कामं पहाटे उरकायची. विमान गस्तीवरून परत यायच्या वेळी फिटर मंडळी काम असो-नसो, बाहेर येऊन उभी राहायची. ‘मोजायला,’ आबा म्हणाले. ‘चारही चालू आहेत का, ते लांबूनच कळतं.’

फार शहाणा आवाज

या आवाजाचीच मोठी पंचाईत होती. जगात आज उडणारी लिबरेटर शोधून सापडत नाहीत. टेक्ससमध्ये डायमंड लिल नावाचं एक आहे. मग या टीमनं आवाज आणला कुठून? डाकोटामधून! आपल्या सगळ्यांना माहीत असलेल्या डाकोटाला ट्विन वॅस्प याच जातीचं इंजिन असतं. आपल्या एअरफोर्सच्या ताफ्यात २०१८ पासून पुन्हा दाखल झालेल्या ‘परशुराम’ डाकोटालाही तेच. युरोपात हौशी मंडळींची काही डाकोटा अजून उडतात. लिंकनशरच्या काकांनी एका एअर शोमध्ये मायक्रोफोनला केसाळ टोपी घालून ती रेकॉर्ड केली. फरक एवढाच, की लिबरेटरच्या इंजिनाचा धूर टर्बोमधून फिरून बाहेर पडतो, त्यामुळे आवाज जरा दबका, घुसमटलेला. तो फरक कम्प्युटरवर केला. एक इंजिन तयार झालं. त्याच्या चार कॉपी केल्या. झालं लिबरेटर!

आबांना ऐकवलं. विश्रांतवाडीत धाकट्या नातवानं मोठा स्पीकर लावला. आबा डोळे मिटून बसले. एक मिनिट. दोन मिनिटं.

‘कसा वाटतो आबा?’ लंडनहून याचा आवाज.

‘चांगला आहे.’

‘पण?’

‘फार शहाणा आहे रे. चार माणसं एका सुरात आरती म्हणतात का कधी? एखादा पुढे, एखादा मागे. मग आवाज असा लाटेसारखा येतो. वांव, वांव, वांव. पायलट ते जुळवायला बघतो, पण पुरतं जुळत नाही. तुझं इंजिन एकच आहे, चार नाहीत.’

आणि खरंच होतं ते! दोन पंखे किंचित वेगळ्या वेगानं फिरले, की त्यांचे आवाज एकमेकांत मिसळून वरखाली होतात. तंबोऱ्याच्या दोन तारा जुळत आल्या की जी लहर ऐकू येते, तीच ही. टीमनं एकाच आवाजाच्या चार कॉपी लावल्यामुळे लहर गायब. पुढचे तीन आठवडे चार इंजिनांना चार स्वभाव देण्यात गेले. कुणाचा वेग थोडा जास्त, कुणाचा ठोका थोडा जड. आता पायलटला चार लिव्हर हलवून सूर लावावा लागतो आणि तो लावला तरी काही वेळानं पुन्हा सुटतो.

डाग कुणाचा?

मोठं भांडण झालं ते रंगावरून. गिऱ्हाईक कोण, तर बहुतेक अमेरिकन आणि युरोपियन. त्यांना हवीत युद्धातली अमेरिकन विमानं, नाकावर पोरीचं चित्र काढलेली. भारतीय एअरफोर्सच्या रंगातलं टेहळणी विमान कोण घेणार? पोलंडवाल्याचा प्रश्न रास्त होता. प्रत्येक जादा रंगरूपाला महिनाभर जातो. माझ्या मित्राचा मुद्दाही रास्त होता, की जगात हे विमान सगळ्यात शेवटपर्यंत ज्यांनी चालवलं त्यांचाच रंग नाही, हे कसं चालेल? लिंकनशरच्या काकांनी तोडगा काढला. भारतीय विमान करायचं, पण टीमचा जुना नियम पाळून. जे फोटोत दिसत नाही, ते रंगवायचं नाही.

आणि फोटो मिळता मिळेनात. शेवटी आबांच्या ट्रंकेत एक सापडला. चार एअरमन, ढगळ चड्ड्या, कपाळावर आठ्या, मागे इंजिनाचं झाकण. त्या झाकणावरून खाली ओघळलेला ऑइलचा डाग. ब्राझीलच्या पोरानं तो डाग जसाच्या तसा रंगवला. साठ वर्षांपूर्वीचा लोहगावचा डाग, साओ पावलोच्या एका हॉस्टेलात!

आबांना फोनवर हे सांगितलं तर ते भडकले. ‘डाग कशाला दाखवतोस? लोक म्हणतील साफ करत नव्हते. रोज पुसायचो आम्ही!’

डाग राहिला. पण आता ॲड-ऑनच्या मेन्यूमध्ये एक बटण आहे, ‘इंजिन पुसा’. दाबलं की तो जातो. दोन तास उडून आलात की परत येतो.

लोहगाव, धावपट्टी दहा

म्युझियममधून आम्ही हॅरोला त्याच्या फ्लॅटवर आलो. वाटेत वडापाव घेतला. हो, हॅरोत मिळतो, पुण्याच्या मानानं बरा. बाहेर पाऊस, आत एक खुर्ची, दोन स्क्रीन आणि चार थ्रॉटलचा एक खोका, जो त्यानं स्वतः लाकडातून बनवलाय. फोन स्पीकरवर. पुण्यात रात्रीचे पावणेबारा वाजले होते. आबा झोपले नव्हते.

स्क्रीनवर लोहगाव. नवा सिम्युलेटर उपग्रहाचे फोटो वापरतो, त्यामुळे धावपट्टीच्या पलीकडे आजचं पुणं. खराडीचे टॉवर, विमाननगरच्या सोसायट्या. १९६८ मधलं विमान आणि आजची शहरातली गर्दी. पुटपुट सुरू. मग तीन नंबर. पंखा अडखळला, धूर सोडला, पकडला. चार. दोन. एक.

फोनवर कुणी बोलत नव्हतं.

धावपट्टी सोडली, मुळा-मुठा ओलांडली, पश्चिमेला वळलो. सिंहगड डावीकडे. घाट संपला आणि कोकण एकदम खाली पडलं. पुढे समुद्र. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये शस्त्रं चालत नाहीत, त्यामुळे या बॉम्बरचं शटर उघडतं आणि आत काहीच नसतं. मला आधी ते विचित्र वाटलं होतं. बॉम्बरमधून बॉम्बच काढून टाकले तर उरतं काय? हेन्डनच्या हॉलमध्ये फिरताना ते मनात येतंच. ही सगळी देखणी यंत्रं शहरं जाळण्यासाठी बनली होती आणि त्यात बसलेली पोरं वीस-बावीसची होती. पण आबांच्या लिबरेटरचं काम बघणं हे होतं. तासन्‌तास पाणी बघायचं आणि परत यायचं. परत आलेलं मोजायला खाली माणसं उभी.

वांव, वांव, वांव. मित्रानं मुद्दाम सूर जुळवला नव्हता.

‘दोन नंबर मागे पडतोय,’ फोनमधून आबा म्हणाले. ‘उतरलास की प्लग बघ.’

ॲड-ऑन अजून बाजारात आलेला नाही. पोलंडवाल्याला मागच्या टरेटवर आणखी दोन महिने हवेत, काकांना लँडिंगच्या वेळचा कल पटत नाही. माझा मित्र आता घाई करत नाही. आबांपुरतं विमान तयार आहे. दर शनिवारी रात्री लोहगावहून सुटतं आणि पहाटेच्या आत परत येतं.

जायचं असेल तर...

हेन्डन : आरएएफ म्युझियम, लंडन. ट्यूबची नॉर्दर्न लाइन, एजवेअर फाटा, कॉलिंडेल स्टेशन. तिथून चालत. प्रवेश मोफत. लिबरेटर नीट बघायचं तर अर्धा दिवस हाताशी ठेवा. पुढे उभं राहून फोटो काढून निघू नका. पोटाखालचं शटर वाकून बघा आणि उजव्या पंखावरच्या दोन इंजिनांपैकी आतल्या बाजूचं बघा. तेच तीन नंबर.

दिल्ली : इतकं लांब जायचं नसेल, तर आपल्या एअरफोर्सच्या पालम म्युझियमच्या संग्रहातही एक लिबरेटर आहे. निघण्याआधी ते उघडं आहे का, याची चौकशी जरूर करा.

ॲरिझोना : अमेरिकेत कामानिमित्त जाणाऱ्यांसाठी टूसॉनचं पिमा म्युझियम. तिथलं लिबरेटरही भारतातूनच गेलेलं. शेजारी कुणी विचारलं, तर कॉलर ताठ करून सांगा.

घरबसल्या : सिम्युलेटरसाठी बऱ्यापैकी गेमिंग पीसी आणि साधी जॉयस्टिक पुरे. लोहगाव निवडा, पश्चिमेला वळा. हेडफोन मात्र चांगला घ्या.